अर्धी तुमची, अर्धी आमची

डब्लिनच्या विमानतळावरून शहराकडे येताना स्वोर्ड्‌स रोडवर सँट्री लागतं. ओम्नी नावाचं शॉपिंग सेंटर, एका जुन्या जहागिरीच्या जागेवर झालेलं मोठं उद्यान, एकसारख्या दुमजली घरांच्या रांगा आणि वरून सतत जाणारी विमानं. क्रीडाप्रेमींना हे नाव माहीत असेल ते एका शर्यतीमुळे. ६ ऑगस्ट १९५८ला इथल्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा हर्ब एलियट एक मैल ३ मिनिटं ५४.५ सेकंदांत धावला आणि जागतिक विक्रम झाला. त्या एकाच शर्यतीत पाच जण चार मिनिटांच्या आत आले होते.

मला सँट्रीत रस वाटला तो दुसऱ्या एका नावामुळे. इथलं कॅथलिक प्रार्थनास्थळ धन्यवादित मार्गरेट बॉल या बाईच्या नावाने आहे. संतांची नावं चर्चला असतातच. पण ही बाई संन्यासिनी नव्हती, चमत्कारासाठीही प्रसिद्ध नव्हती. ती डब्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची बायको होती आणि तिला तुरुंगात घालणारा तिचा स्वतःचा मुलगा होता.

मार्गरेटचा जन्म सुमारे १५१५चा, मीथ परगण्यातला, माहेरचं आडनाव बर्मिंगहॅम. नवरा बार्थॉलोम्यू बॉल डब्लिनचा मेयर झाला. पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सा, म्हणजे धर्मगुरूने वेदीवर करायची सामुदायिक उपासना, बेकायदा ठरली. मार्गरेटच्या घरी मात्र धर्मगुरूंना आसरा मिळे, मिस्सा होई, आजूबाजूच्या मुलांना धर्मशिक्षण दिलं जाई. थोरला मुलगा वॉल्टर राणीच्या नव्या पंथात गेला, आणि १५८०मध्ये मेयर झाल्यावर त्याने आईला पकडवलं. म्हातारीला चालता येत नव्हतं. लाकडी फळीवर बांधून तिला रस्त्यांवरून डब्लिन कॅसलच्या कोठडीत नेण्यात आलं. राणीला धर्माची प्रमुख मानण्याची शपथ घेतली असती तर ती त्याच दिवशी सुटली असती. तिने शपथ घेतली नाही. १५८४मध्ये ती तुरुंगातच वारली. मुलाला वारशातून बेदखल करणं तिच्या हातात होतं, तेही तिने केलं नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २७ सप्टेंबर १९९२ला तिला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, घोषित केलं.

तिचा गुन्हा एवढाच, की तिने घरात प्रार्थना होऊ दिली. जपमाळेच्या, म्हणजे रोझरीच्या, आयरिश गोष्टीत घर ही मुख्य जागा आहे, म्हणून सुरुवात या बाईपासून केली. रोझरी हे ध्यान आहे का, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला मठात किंवा शिबिरात जाण्यापेक्षा आयरिश स्वयंपाकघरात जावं असं माझं मत झालं आहे.

मार्गरेटनंतरची अडीच शतकं आयर्लंडच्या कॅथलिकांनी बरीचशी घरातच काढली. १६९५पासून जे दंडात्मक कायदे आले त्यांमुळे कॅथलिकांना शाळा चालवता येईना, जमीन विकत घेता येईना. १६९७च्या कायद्याने बिशपांना आणि मठवासी धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं. मिस्सेला धर्मगुरू लागतो, वेदी लागते. ती चोरून, रानातल्या एखाद्या खडकावर व्हायची. रोझरीला यातलं काहीच लागत नाही. पुस्तक नको, अक्षरओळख नको, धर्मगुरू नको. दहा बोटं असली तर माळही नको. म्हणून ती टिकली. त्या काळाशी जोडली जाणारी एक खास आयरिश माळ आहे: फक्त दहा मणी, एका टोकाला क्रूस, दुसऱ्या टोकाला अंगठी. अंगठी अंगठ्यात घालायची, मणी बाहीत लपवायचे. दहा झाले की अंगठी पुढच्या बोटात. पाच बोटं, पाच दशकं, प्रार्थना पुरी. समोरच्याला फक्त एक अंगठी दिसते.

आता ही माळ चालते कशी, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या हिंदू वाचकाला ती १०८ मण्यांच्या माळेचीच ख्रिस्ती आवृत्ती वाटते, आणि तिथेच गफलत होते.

नेहमीच्या रोझरीत ५९ मणी असतात. क्रूसाला लागून पाच मण्यांची शेपटी आणि पुढे वर्तुळ. वर्तुळात दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं. मोठ्या मण्यावर येशूने शिकवलेली प्रार्थना, लहान मण्यावर मारियेला नमन, दशकाच्या शेवटी त्रैक्याचा महिमा. मारियेच्या नमनाचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातून आलेला आहे: देवदूताने मारियेला केलेलं अभिवादन आणि एलिझाबेथने तिला दिलेला आशीर्वाद. दुसरा भाग विनवणीचा. तो आजच्या रूपात स्थिर झाला १५६८च्या प्रार्थनाग्रंथात.

इथवर सगळं जपासारखंच आहे. पुढची गोष्ट निराळी. प्रत्येक दशकाआधी एक प्रसंग जाहीर करतात. त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची पाच रहस्यं: देवदूताचा निरोप, मारियेने एलिझाबेथची घेतलेली भेट, येशूचा जन्म, मंदिरातलं समर्पण, हरवलेला मुलगा मंदिरात सापडणं. दुःखाची पाच: बागेतल्या व्याकूळ रात्रीपासून क्रूसावरच्या मरणापर्यंत. गौरवाची पाच: पुनरुत्थानापासून मारियेच्या स्वर्गातल्या मुकुटापर्यंत. यात १६ ऑक्टोबर २००२ला दुसऱ्या जॉन पॉल यांनी प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली, त्यांत कानागावच्या लग्नाचाही प्रसंग आहे. सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. तोंडाने दहा वेळा नमन चालू असतं, मनाने मात्र त्या प्रसंगात जाऊन बसायचं असतं.

म्हणजे हाताला एक काम, तोंडाला दुसरं, मनाला तिसरं. ज्यांनी आजीला जात्यावर बसलेलं पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. हात खुंट्यावर, तोंडात ओवी, आणि जीव गेलेला माहेरी किंवा पंढरीला. ओवीचा प्रत्येक शब्द ती बाई दर वेळी तपासून म्हणत नसे. शब्दांनी तिच्यापुरती एक जागा तयार केलेली असे आणि त्या जागेत ती मोकळी होई. जात्याला दोघी बसल्या तर एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची.

रोझरीवरचा सगळ्यात जुना आक्षेप याच ठिकाणी येतो. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेत निरर्थक बडबड करू नका असं सांगितलेलं आहे. प्रॉटेस्टंटांनी ते वचन पुढे करून रोझरीला पोपटपंची ठरवलं. आक्षेप पूर्ण खोटा नाही. नुसते मणी संपवणारे पुष्कळ असतात. स्वतः पोप सहावे पॉल यांनी २ फेब्रुवारी १९७४च्या आपल्या पत्रात चिंतनाशिवायची रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. पण त्रेपन्न वेळा तेच वाक्य नव्या अर्थाने म्हणणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि रोझरी ते मागतही नाही. नामजपात मन भटकलं की नामाकडे परत आणायचं. विपश्यनेत श्वासाकडे. रोझरीत मनाला रिकामं व्हायला सांगितलेलंच नाही. त्याला फिरायला एक अंगण नेमून दिलेलं आहे. भटक्या मनाशी झगडण्यापेक्षा ही सोय मला जास्त शहाणपणाची वाटते, निदान दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी.

ही युक्ती कुणा एकाच्या डोक्यातून निघाली नाही. परंपरा सांगते की मारियेने तेराव्या शतकात संत डॉमिनिकला माळ दिली. ही कथा पसरली ती अॅलन द ला रोश या डॉमिनिकन धर्मगुरूमुळे, म्हणजे पंधराव्या शतकात, डॉमिनिकनंतर अडीचशे वर्षांनी. खरा प्रवास बराच सावकाश झाला. मठवासी स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणत. आयरिश मठांत त्यांचे पन्नासाचे तीन भाग करण्याची पद्धत होती. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे ते १५० स्तोत्रांऐवजी १५० वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत, पुढे मारियेचं नमन. मग ट्रियरच्या कार्थुसियन मठातल्या डॉमिनिक ऑफ प्रशिया याने, पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, पन्नास नमनांना येशूच्या आयुष्यातले पन्नास छोटे प्रसंग जोडले. जप आणि चिंतन यांची गाठ इथे पक्की बसली. अॅलनने १४७०च्या सुमारास दुए इथे रोझरीचा संघ काढला. पोप पाचवे पायस यांनी १५६९मध्ये तिला अधिकृत रूप दिलं. ७ ऑक्टोबर १५७१ला लेपांटोच्या आरमारी लढाईत ऑटोमन हरले, त्याचं श्रेय रोझरीला दिलं गेलं आणि पुढे ऑक्टोबर हा रोझरीचा महिना झाला. ध्यानाच्या साधनाचा सण एका लढाईच्या तारखेला बसलेला आहे, हे मला नेहमी खटकतं.

आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं की माळ मुळात भारतातून गेली. २२ डिसेंबर २००१च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रोझरीवर एक प्रसिद्ध निबंध आला, त्याच्या लेखकांनीही तसं सुचवलं: योगी आणि तिबेटी भिक्षूंकडून अरबांकडे, अरबांकडून क्रूसेडच्या योद्ध्यांकडे. अभिमान जरा आवरावा लागेल. पहिलं क्रूसेड निघालं १०९६मध्ये. त्याआधीच वारलेल्या कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हा या उमराव स्त्रीने प्रार्थना मोजायची रत्नांची माळ मारियेच्या मूर्तीसाठी ठेवली होती, असं बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी लिहितो. प्रार्थना मोजायला खडे, गाठी, मणी कुठेही सुचू शकतात. भारतात ते फार आधी सुचले, एवढं म्हणणं पुरे.

त्या निबंधातला मुख्य भाग मात्र मोलाचा आहे. इटलीतल्या पाव्हियाचे लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब तपासला. आधी साधा श्वास, मग लॅटिनमधून मारियेचं नमन, मग 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र. दोन्ही पठणांत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाच्या चढउतारांत मुळातच साधारण दहा सेकंदांची एक लय असते. श्वास त्या लयीशी जुळला आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाची संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ झाली. निम्मं नमन एकाने, निम्मं इतरांनी म्हणायचं, या रिवाजामुळे एक आवर्तन दहा सेकंदांच्या आसपास बसतं. स्वतःचा भाग म्हणताना श्वास सोडला जातो, दुसऱ्याचा भाग ऐकताना घेतला जातो.

या निबंधाचा आधार घेऊन रोझरीने हृदयरोग बरा होतो म्हणणारेही भेटतात. तसं त्यात काही नाही. माणसं थोडी, निरीक्षण तेवढ्या वेळेपुरतं, आणि लॅटिनचं माप आयरिश किंवा मराठी शब्दांना जसंच्या तसं बसेल असं नाही. शिवाय आयर्लंडमध्ये रोझरी भरधाव म्हणणारेही कमी नाहीत. तिथे मिनिटाला सहा श्वास कुठून येणार? पण एक गोष्ट या मोजमापातून पक्की कळते. श्वास संथ होण्यात समोरच्याचा वाटा आहे. त्याची पाळी असते तेव्हा तुम्हाला थांबावंच लागतं.

आयरिश भाषेत घरच्या या प्रार्थनेला 'पाड्रीन पार्टिख' म्हणतात, वाटून घेतलेली माळ. रात्रीचं जेवण झालं, भांडी आवरली, की सगळे स्वयंपाकघरात गुडघ्यांवर. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीकडे तोंड करून कोपरं बैठकीवर टेकायची, त्यामुळे एकमेकांकडे पाठ. पहिलं दशक आई किंवा वडील सांगणार, पुढची मुलांनी वयाप्रमाणे. सांगणाऱ्याने नमनाचा पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला उचलायचा. कुणी पेंगत असे, कुणी हसू दाबत असे, चुलीपाशी कुत्रा असे. पाच दशकं संपली तरी सुटका नसे, कारण मग घरच्या जोडप्रार्थना यायच्या. गेलेल्या आजोबांसाठी, अमेरिकेला गेलेल्या मुलीसाठी, शेजारणीच्या आजारपणासाठी, गाभण गाईसाठी. या जोडण्या मूळ प्रार्थनेपेक्षा लांबत. ऑस्ट्रेलियातले आयरिश वंशाचे धर्मगुरू पॅट्रिक हार्टिगन यांनी जॉन ओब्रायन या नावाने १९२१मध्ये काढलेल्या संग्रहात या जोडण्यांवरच एक लाडकी कविता आहे.

ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शांतता येते, बंद डोळे, ताठ पाठ, बंद दार. या स्वयंपाकघरात यातलं काही नव्हतं. तरीही ते ध्यान होतं असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण त्या जोडण्यांमध्ये आहे. दूर गेलेल्या, मेलेल्या, आजारी माणसांना रोज ठरल्या वेळी, नाव घेऊन, काही क्षण मनात धरायचं. मनाला वळण लावायचं याहून थेट साधन मला माहीत नाही.

हा संस्कार जगभर नेणारा माणूसही याच मातीतला. पॅट्रिक पेटन, जन्म ९ जानेवारी १९०९, मेयो परगण्यातलं अॅटिमास हे खेडं. १९२८मध्ये अमेरिकेला गेला, धर्मगुरू होण्याआधी क्षयाने मरता मरता वाचला, आणि त्या उपकाराची फेड म्हणून १९४२मध्ये 'फॅमिली रोझरी' ही चळवळ सुरू केली. रेडिओ, सिनेमा, हॉलिवुडचे नट, लाखोंचे मेळावे. १९५४मध्ये तो आयर्लंडला परतला तेव्हाही मैदानं भरली, आणि त्याच दशकात त्याची मोहीम भारतातही आली. एकत्र प्रार्थना करणारं कुटुंब एकत्र राहतं, हे त्याचं घोषवाक्य मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर असे. ते लिहिलं होतं एका जाहिरातवाल्याने. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या मोहिमांना सीआयएचा पैसा मिळाला होता हेही पुढे बाहेर आलं. स्वयंपाकघरातली प्रार्थना मैदानात नेली की तिच्यामागे कोण कोण उभं राहतं ते सांगता येत नाही.

आणि आयर्लंडमध्ये ही माळ नेहमीच प्रेमाने हातात आली नाही. सँट्रीपासून दक्षिणेला काही किलोमीटरवर ड्रमकाँड्रा आहे. तिथल्या हाय पार्कमध्ये सिस्टरांची मॅग्डलीन लाँड्री होती. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, अनाथ, किंवा नुसत्याच नकोशा झालेल्या मुलींना अशा ठिकाणी ठेवून बिनपगारी कपडे धुवायला लावलं जाई. १९९३मध्ये जमीन विकण्यासाठी तिथली दफनभूमी उकरली तेव्हा परवानगी १३३ जणींच्या अवशेषांसाठी घेतलेली होती, आणि सापडले १५५ जणींचे. अशा लाँड्र्यांतून वाचलेल्या स्त्रियांच्या साक्षींत कामाच्या वेळी मोठ्याने चालणाऱ्या प्रार्थनांचे उल्लेख आहेत. हात गरम वाफेच्या कपड्यांत, तोंडात प्रार्थना. वर हात, तोंड आणि मन यांचं मी जे कौतुक केलं, तेच इथे शिक्षा होऊन बसलं. २००९मध्ये डब्लिन महाधर्मप्रांतातल्या बाललैंगिक अत्याचारांवरचा मर्फी अहवाल आला. १९ फेब्रुवारी २०१३ला पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत मॅग्डलीन स्त्रियांची माफी मागितली. आज पन्नाशी-साठीतल्या एखाद्या आयरिश माणसाला रोझरीचं नाव काढल्यावर चेहरा बंद झालेला दिसला तर त्याला अश्रद्ध म्हणून मोकळं होऊ नये. २०१६च्या जनगणनेत ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, २०२२मध्ये ६९ टक्क्यांनी. सहा वर्षांत हे प्रमाण दहा टक्के-अंकांनी घसरलं.

चर्चमधून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळांना ध्यान मात्र हवं असतं. डब्लिनमध्ये योगवर्ग आहेत, सजगतेची शिबिरं आहेत, मोबाइलवर श्वास मोजणारी ॲप्स आहेत. व्हॅटिकननेही मागे राहायचं नाही असं ठरवून ऑक्टोबर २०१९मध्ये मनगटावरची 'ई-रोझरी' बाजारात आणली, किंमत तेव्हा ९९ युरो, आणि ती पावलंही मोजत असे. बाहीत मणी लपवणारे यावर काय म्हणाले असते कोण जाणे.

या सगळ्यांत मला एक माणूस फार महत्त्वाचा वाटतो. जॉन मेन. १९५०च्या दशकात ब्रिटिश वसाहत-सेवेत मलायात असताना तो क्वालालंपूरच्या स्वामी सत्यानंदांना भेटला. स्वामींनी त्याला सांगितलं, ख्रिस्ती आहेस तर ख्रिस्ती मंत्र घे आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास बस. तिथून तो डब्लिनला आला आणि ट्रिनिटी कॉलेजमध्ये कायदा शिकवू लागला. डब्लिनच्या त्या वर्षांत घराघरात रोझरी चालू होती आणि हा प्राध्यापक हिंदू स्वामीने शिकवलेला जप करत होता. १९५९मध्ये तो लंडनमध्ये बेनेडिक्टिन मठात गेला तर तिथल्या गुरूने जप सोडायला लावला. पुढे पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनच्या लेखनात त्याला तीच पद्धत सापडली आणि १९७५पासून तो ती शिकवू लागला. त्याच्या वाटेवर आज अनेक देशांत ध्यानगट आहेत. आपल्याकडे मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी 'साधना' हे पुस्तक १९७८मध्ये लिहिलं, पुण्यात-लोणावळ्यात शिबिरं घेतली आणि पौर्वात्य ध्यानपद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत आणल्या. रोमला हे सगळं रुचलं नाही. १९८९मध्ये योग, झेन वगैरेंबद्दल सावध करणारं पत्र निघालं, त्यावर कार्डिनल रात्सिंगर यांची सही होती. १९९८मध्ये, डिमेलोंच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, त्यांच्या लेखनावर अधिकृत इशारा दिला गेला.

मेन आणि डिमेलो दोघेही मला आवडतात. तरी त्यांच्या वाटेवर माणूस अखेर एकटा बसतो. गटात असला तरी आपापल्या मौनात. रोझरीचं वेगळेपण नेमकं इथे आहे, आणि 'रोझरी म्हणजे ख्रिस्ती मेडिटेशन' म्हणणारी पुस्तकं ते विसरतात. ती पुस्तकं श्वास, मणी, लय यांवर बोलतात, दुसऱ्या अर्ध्या नमनावर बोलत नाहीत. एकट्यानेही रोझरी म्हणतात, लाखो म्हणतात. पण आयर्लंडने ती जशी जगवली, तीत तुमचं वाक्य दुसरा पुरं करतो.

मराठी वाचकाला यासाठी डब्लिनला जायची गरज नाही. गोव्यात संध्याकाळची घंटा झाली की घरोघर 'तेर्स' होतो. मुंबईच्या गावठाणांत आणि वसईत वाटेवरच्या क्रूसांपाशी माणसं जमून माळ म्हणतात. वसईची रोझरी मराठीत आहे, उत्तर कोकणच्या वळणाची. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मराठीत ख्रिस्ती धर्मजीवन किती शतकांचं आहे. जुन्या गोव्यातलं रोझरीमातेचं चर्च १५४०च्या दशकातलं आहे. आणि येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे प्रसंग, म्हणजे रोझरीच्या रहस्यांचाच ऐवज, मराठी ओवीत ज्याने सविस्तर मांडला तो थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा. ज्या राणीच्या कायद्याने मार्गरेट बॉल तुरुंगात गेली, तिच्याच राज्यातून बाहेर पडून तो जेझुइट झाला आणि १५७९मध्ये, मार्गरेटच्या अटकेच्या आदल्या वर्षी, गोव्यात उतरला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं.

इथे दुसरी बाजू लपवून चालणार नाही. डब्लिनमध्ये कॅथलिकांना घरात प्रार्थना करायला बंदी होती त्याच काळात गोव्यात कॅथलिक सत्ता हिंदूंच्या घरातली पूजा गुन्हा ठरवत होती. १५६७च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली, देव रातोरात नदीपार नेले गेले. १७३६च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकमाने अंगणातल्या तुळशीवरही बंदी घातली. एकीकडे बाहीतले मणी, दुसरीकडे लपवलेले देव. घरातल्या प्रार्थनेला भिणारी सत्ता कोणत्याही एका धर्माची नसते.

आजच्या सँट्रीत रोझरी टिकून आहे ती बऱ्याच अंशी आपल्या माणसांमुळे. शेजारचं ब्यूमाँट रुग्णालय १९८७मध्ये सुरू झालं. गेल्या दोन-अडीच दशकांत आयर्लंडच्या रुग्णालयांनी भारतातून, विशेषतः केरळमधून, परिचारिका आणल्या. ब्यूमाँटसह डब्लिनच्या अनेक धर्मग्रामांत आता सिरो-मलबार समाजाची मल्याळम मिस्सा होते, आणि ऑक्टोबरमध्ये घरोघर फिरती रोझरी. आयरिश घरांतून जी सवय गेली ती भाड्याच्या घरांत, पाळी संपवून आलेल्या बायकांच्या तोंडी, दुसऱ्या भाषेत चालू आहे. जोडप्रार्थनांतली माणसं बदलली. तेव्हा अमेरिकेला गेलेल्या मुलीसाठी आयरिश आई म्हणायची, आता गावी ठेवलेल्या आईसाठी मुलगी म्हणते. फोनच्या पडद्यावर पलीकडचं घर असतं आणि निम्मं नमन तिकडून येतं. अंतरामुळे आवाज उशिरा पोचतो आणि लय मोडते. बर्नार्डींच्या यंत्रावर याची नोंद काय झाली असती माहीत नाही. मला ते लाँड्रीतल्या एकसुरी, बिनचूक पठणापेक्षा लाख पटीने खरं वाटतं.

तेव्हा रोझरी हे ध्यान आहे का? आहे. पण सक्तीची असेल तर नाही, आणि नुसता श्वासाचा व्यायाम म्हणून घेतली तर अर्धीच. मी वारकरी घरातला, हरिपाठ कानावर पडत वाढलेला. मला या माळेतली मारिया माझ्या श्रद्धेची म्हणता येणार नाही, आणि कुणी तसा आग्रहही धरलेला नाही. तरीही तिच्यापाशी बसता येतं. वाचकांपैकी कुणाला ध्यान शिकायचं असेल, तर महागड्या शिबिराचे पैसे भरण्याआधी एक करा. वसईत, बांद्र्यात, गोव्यात, पुण्यात तुमचा कुणी ख्रिस्ती शेजारी किंवा सहकारी असेलच. ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी माळेच्या वेळी मागे बसू द्याल का, असं विचारा. वीस मिनिटं लागतात. फोन बाहेर ठेवा, काही म्हणू नका, फक्त दोन अर्ध्यांच्या मधली जागा ऐका. जोडप्रार्थनेत तुमच्या घरच्या कुणाचं नाव घ्यायचं आहे का, असं ते विचारतील. सांगा.